चार चाळीसची बस

माझ्या रागाची कॉलेजात ख्याती होती आणि ती मी मेहनतीने कमावली होती. फर्स्ट इयरच्या मुलांना सीनियर पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवायचे, की ड्रॉइंगवाल्या मॅडमच्या तासाला पेन्सिल खाली पडली तरी उचलायची परवानगी घ्यावी लागते. हे साफ खोटं होतं. पण मी ते कधी खोडून काढलं नाही, कारण त्या अफवेमुळे वर्गात शांतता राहायची आणि शांततेतच रेघ सरळ येते असं माझं ठाम मत होतं.

इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवून मी रिटायर झाले त्याला आता दोन वर्षं होतील. आमचं घर उज्जैनच्या माधव नगरला. दुपारी साडेचार वाजले की माझी चुळबुळ सुरू होते. चहात लक्ष लागत नाही, पेपर उघडून परत मिटते. नवरा बँकेतून माझ्याआधीच मोकळा झालाय, त्याला घड्याळ बघायची गरज पडत नाही. तो नुसता म्हणतो, "जा, तुझी बस निघेल." मी चिडते, पण खरं सांगायचं तर त्या बसची मला फार आठवण येते. सव्वीस वर्षांच्या नोकरीत शिकवण्याचा खरा आनंद मला जो काही मिळाला, तो बराचसा त्या बसमध्ये मिळाला. आणि माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूकही त्याच बसची.

कॉलेज शहराबाहेर, सोयाबीनच्या शेतांच्या मधोमध. मी स्कूटीने जायचे आणि पुढच्या गेटाशी लावायचे. मुलांच्या बसेस मागच्या गेटातून सुटायच्या, तिकडे आम्हा मास्तर लोकांचं कधी जाणंच व्हायचं नाही. माझा ड्रॉइंग हॉल दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. दुपारी खालून दोन लांबलचक हॉर्न ऐकू यायचे आणि मी शीट तपासता तपासता उठून खिडकी लावून घ्यायचे. वर्षानुवर्षं लावली. तो हॉर्न कशाचा, कुणासाठी, हे विचारावंसं मला एकदाही वाटलं नाही.

ड्रॉइंग हा पहिल्या वर्षातला मुलांना खड्ड्यात घालणारा विषय. बारावीपर्यंत पाठांतरावर निभावलेलं पोर इथे येतं आणि त्याला सांगितलं जातं, की ही वस्तू समोरून कशी दिसेल ते काढ, वरून कशी दिसेल ते काढ, मधोमध कापली तर आत काय दिसेल तेही काढ. पुष्कळांना ते दिसतच नाही. मग बॅक लागते, म्हणजे विषय राहतो आणि पुढच्या वर्षाबरोबर डोक्यावर बसतो. शेवटची संधीही गेली की ईयर बॅक, आख्खं वर्ष परत.

अशा मुलांसाठी जादा तास घ्या असा वरून हुकूम आला, तेव्हा बाकीच्यांनी कागदोपत्री घेतले आणि मी खरोखर घेतले. कॉलेज सुटल्यावर, साडेचार ते साडेपाच. याचा मला कोण अभिमान होता. नोटीस बोर्डावर बारा नावं लावली. हॉस्टेलमध्ये राहणारी पाच मुलं यायला लागली. उरलेली सात एकदाही फिरकली नाहीत. महिनाभर वाट पाहून मी रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात त्या सातही नावांसमोर लिहिलं, "रुचि नहीं". आमच्या कॉलेजच्या नियमाप्रमाणे तसा शेरा आला की घरी पत्र जायचं: आपल्या पाल्याला अभ्यासात रुची नाही, योग्य तो विचार करावा. सात पत्रांवर मी एका बैठकीत सह्या केल्या. हातासरशी काम उरकल्याचं समाधानच वाटलं मला.

सह्यांच्या बाबतीत मी कडक होते हेही इथेच सांगून टाकते. विद्यार्थ्याने कसलाही अर्ज आणला तर आधी त्यावर त्याच्या क्लास-इनचार्जची सही हवी, असा दंडक होता. सही नसली तर मी अर्ज वाचायचेच नाही. सहीच्या जागी लाल पेनने गोल काढायचा आणि कागद तसाच परत करायचा. बाकीचे म्हणायचे, घ्या हो मॅडम, पोरं आहेत. मी म्हणायचे, म्हणूनच.

पत्रं गेल्यावर पंधरा-वीस दिवसांत एक गृहस्थ स्टाफरूममध्ये आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं माझं पत्र. बोटं पार नखांपर्यंत काळपट लाल झालेली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, भैरवगढला, कापडाच्या छपाईचं काम करणारे, हे न सांगताच कळलं. त्यांच्या मागे त्यांची मुलगी उभी होती, त्या सातांतली एक. सेकंड इयरला होती, ड्रॉइंग दोनदा राहिलेलं आणि आता शेवटचा प्रयत्न. मी त्यांना बसा म्हटलं, ते बसले नाहीत. मग मी सुरू झाले. मी रोज एक तास जादा थांबते, माझं घर नाही का, मला कामं नाहीत का, आणि तुमच्या मुलीला वर दोन जिने चढून यायला जड जातं, असं सगळं मी त्या मुलीच्या देखत ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "मैडम जी, बस तो चार-चालीस पे छूट जाय है. छोरी आपके पास रुकेगी तो भेरूगढ़ काय से आएगी?"

त्यांनी पिशवीतून पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि त्यातल्या एका ओळीवर बोट टेकवलं.

"इसमें लिखा है इसका मन नी है. घर में सब बोल रिये हैं, मन नी है तो बिठा लो. आप बताओ, बिठा लूँ?"

विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना खरंच माझ्याकडून उत्तर हवं होतं, आणि मी जे म्हणेन ते ते करणार होते. मी मुलीकडे वळून विचारलं, हे तू आधी का नाही सांगितलंस? ती खाली फरशीकडे बघत राहिली. मला त्याचाही राग आला. शेवटी मी वडिलांना एवढंच म्हटलं, की ही परीक्षा होऊ द्या, तिचा निकाल लागेपर्यंत काही ठरवू नका. ते म्हणाले, ठीक है, रिजल्ट तक. पत्राची पुन्हा तशीच घडी घालून त्यांनी ते पिशवीत ठेवलं आणि गेले.

त्यानंतर मी सगळीकडे धावले. बस तासभर उशिरा सोडा म्हटलं, तर बसवाल्याचा कॉलेजशी करार वेगळाच. मधल्या सुट्टीत तास घेते म्हटलं, तर हॉल दुसऱ्या वर्गाला दिलेला. घरी येऊन मी तणतणत होते. नवरा भाजी निवडत होता. वर न बघताच म्हणाला, "मग तूच जा की बसने." त्याने आपली गंमत केली. मी त्याच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवशी स्कूटी घरी ठेवली.

मागच्या गेटाशी मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मुलांनी मला तपासणीला आलेली समजून आपोआप रांग केली. ड्रायव्हरने विचारलं, "मैडम, गाड़ी खराब हो गई क्या?" मी म्हटलं, हो. आत चढून पाहिलं तर यादीतल्या सातांपैकी पाचच सापडले. उरलेल्या दोघांचं विचारलं, तर कुणीतरी म्हणालं, वो तो अब नहीं आते. मी जास्त खोलात शिरले नाही. पाचांना मागच्या सीटवर बोलावलं आणि वही काढा म्हटलं.

वही कसली काढता. बस शेतांमधल्या रस्त्यावरून अशी उडत चालली होती, की स्वतःचं नावसुद्धा सरळ लिहिता आलं नसतं. माझं आयुष्य फळ्यावर आणि शीटवर गेलेलं, रेघ न ओढता मी शिकवणार काय? पहिला दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवशी मी घरून अंगाला लावायच्या साबणाची नवी वडी आणि भाजी कापायची सुरी नेली. वडी एका मुलाच्या हातात दिली आणि म्हटलं, डोळे मीट. नुसतं चाचपून सांग, वरून काय दिसेल? मग एक कोपरा कापला. आता वरून काय दिसेल? बाजूने? त्या मुलाने दोन वर्षांत माझ्या तासाला तोंड उघडलं नव्हतं. तो डोळे मिटून बरोबर सांगत होता. बाकीचे त्याच्या चुका काढत होते, तेही माझ्या देखत. मी कुणालाही गप्प केलं नाही.

साबण झाले, मग बटाटे, मग टिफिनचे डबे. देवास गेटच्या थांब्यापर्यंत निम्मी बस आमच्यात सामील व्हायची. ज्यांना ड्रॉइंगशी देणंघेणं नाही अशी कॉम्प्युटरची पोरंही मान वळवून उत्तरं द्यायची. ड्रायव्हर आरशातून बघायचा, आणि एखाद्या दिवशी मी रिकाम्या हाताने आले तर विचारायचा, "आज साबुन नहीं?" अंकपातच्या थांब्यापुढे बस जवळजवळ रिकामी व्हायची. शेवटच्या थांब्यापर्यंत ती मुलगी आणि मी, दोघीच. मला खरं तर माधव नगरलाच उतरता आलं असतं. पण मी भैरवगढपर्यंत जायचे आणि तिथून ऑटोने परत यायचे. संध्याकाळी दोऱ्यांवर वाळत घातलेली छापील कापडं उतरवायची लगबग चाललेली असायची, रंगाचा तो कडवट वास यायचा. इतकी वर्षं उज्जैनला राहून मी तिथे फक्त चादरी घ्यायला गेले होते.

मुलीची अडचण एकच होती. वस्तूच्या आत जे आहे आणि बाहेरून दिसत नाही, ते तुटक रेघेने दाखवायचं असतं. हे तिच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. न दिसणारी गोष्ट काढायचीच कशाला, असं तिचं म्हणणं. एक दिवस तिनेच घरून छपाईचा ठप्पा आणला. सागवानी, पाठीला धरायची मूठ आणि लाकडात आरपार पाडलेली दोन भोकं. भोकं कशाला, मी विचारलं. ती म्हणाली, आत हवा अडकली तर कापडावर छाप नीट उठत नाही, हवा जायला वाट हवी. मी ठप्पा आडवा धरला. आता भोकं दिसतायत? नाही. पण आहेत? आहेत. आणि ती नसती तर? तिने ठप्पा माझ्या हातातून घेऊन फिरवून पाहिला. मग हसली आणि हवेतच बोटाने तुटक रेघ ओढून दाखवली. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी ऑटोवाल्याशी घासाघीससुद्धा केली नाही.

परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा पाचांपैकी चार सुटले, तीही सुटली. काठावर, पण सुटली. पाचव्याला अजून एक संधी होती. वडिलांचा निरोप आला, की मुलगी शिकेल. मी स्टाफरूममध्ये रडले. ज्यांना मी घाबरवून ठेवलं होतं ती पोरं दारातून बघत असतानाच रडले.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. वहीतून एक घडीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, मैम, ये आपके पास रहे तो अच्छा है. मी उघडला. "सविनय निवेदन है कि अतिरिक्त कक्षा साढ़े चार बजे लगती है और हमारी बस चार चालीस पर छूट जाती है, अतः कक्षा का समय बदलने की कृपा करें." खाली सात सह्या. त्याच्याही खाली, क्लास-इनचार्जच्या सहीच्या जागी, लाल पेनने काढलेला एक नीटस गोल. माझा. तारीख माझ्या सात पत्रांच्या तीन आठवडे आधीची. इनचार्ज सर तेव्हा सुट्टीवर होते, असं ती म्हणाली.

मी विचारलं, तुझे वडील आले होते त्या दिवशी हा का नाही दाखवलास?

ती म्हणाली, "पापा के सामने आपको बुरा लगता."

मी पुन्हा त्या सह्या वाचल्या. पाच नावांना चेहरे होते, त्यांनी माझा साबण कापला होता. शेवटची दोन नावं त्या दोघांची होती, जे आता येत नव्हते. आता मी विचारलं. त्यांच्याही घरी पत्र पोचलं होतं. एवढंच, की त्यांच्या घरून ते घेऊन मला विचारायला कुणी आलं नव्हतं. घरच्यांनी माझं लिहिलेलं खरं मानलं आणि मुलांना बसवून घेतलं. ऑफिसातून पत्ते काढून मी दोघांना पत्र लिहिलं. एक परत आलं, दुसऱ्याचं उत्तर आलं नाही.

पण ते नंतर. त्या क्षणी मला दुसरं काही सुचेना म्हणून मी पेन घेतलं, लाल गोलात माझी सही केली आणि बाजूला लिहिलं, "स्वीकृत". कागद तिच्यापुढे सरकवला. तिने तो वाचला आणि माझ्याकडेच परत सरकवला. मग घड्याळाकडे बघून म्हणाली, मैम, चलती हूँ, बस का टाइम हो गया.