धाकटा चहा आणायला गेलाय

प्रत्येक गॅरेजमध्ये एक डबा असतो. गाडी जोडून झाली की उरलेले नट त्यात टाकायचे. कुठल्या गाडीचे ते कळत नाही आणि फेकवतही नाहीत. किस्सेही तसेच साठतात. फक्त कुठला किस्सा कुठल्या गाडीचा, ते मला पक्कं आठवतं.

जव्हारमध्ये आमचं गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं गॅरेज आहे. आमचं म्हणजे दादाचं. मी सातवीतून शाळा सोडली आणि त्याच्या हाताखाली लागलो. दोन महिन्यांपूर्वी दादाला ताप चढला आणि चौथ्या दिवशी दादाच गेला. नंतरच्या पंधरा दिवसांत तीन गाड्या दारातूनच परत गेल्या. "दादा नाही? मग राहू दे." आई म्हणाली, "असंच चाललं तर शटर पाड आणि ठाण्याला कामाला जा."

*

मी घाईचा माणूस. नाशिकचे एक ठेकेदार रस्त्याच्या कामावर मोखाड्याला येतात. दादा असताना एकदा त्यांच्या गाडीचा एसी गार होईना. दादा जेवायला गेला होता. मी सरळ गॅस भरून दिला. गाडी थंडगार. साहेब खुश, मी त्याहून खुश.

मोखाडा येईपर्यंत एसी पुन्हा गरम. साहेब उलटे फिरले ते ओरडतच आले. दादा मला म्हणाला, "तू चहा आण."

गिऱ्हाईक तापलं की दादा मला नेहमी चहाला पाठवायचा. मी परत आलो तेव्हा त्याने पाइपांच्या जोडावर साबणाचा फेस लावला होता. एका जागी बुडबुडे येत होते. आतली रबरी रिंग फाटलेली.

"गॅस काय डिझेल आहे, गाडी चालवली की संपायला? कमी झाला म्हणजे भोक आहे. आधी भोक शोध."

जाताना साहेबांनी बजावलं, "दादा, या धाकट्याने माझ्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही."

*

साखरशेतच्या एका जीपमध्ये पंखा आवाज करायचा, पण हवा येत नव्हती. मी निम्मा डॅशबोर्ड उचकटला. दादाने बाजूचं एक छोटं झाकण काढलं, आत फिल्टर होता. त्याच्यावर उंदराचं घरटं, आणि घरट्यात ओंजळभर भाताचे दाणे.

जीपवाल्याने ते दाणे हातात घेतले. मग म्हणाला, "आणि घरातला भात कमी होतोय म्हणून मी बायकोवर संशय घेत होतो."

*

दादा गेल्यावर टिकलेली पहिली गाडी दाभोशाकडची. ड्रायव्हर म्हणाला, "पळताना गार, उभी केली की गरम." हात गॅसच्या नळीकडे गेलाच होता. तो मी खिशात घातला आणि नुसता बघत उभा राहिलो. पुढचा पंखा फिरतच नव्हता. गाडी पळते तेव्हा एसीच्या पुढच्या जाळीला वारा लागतो, उभी राहिली की काही नाही. पंख्याचा प्लग निसटला होता. दाबून बसवला, काम झालं.

ड्रायव्हर म्हणाला, "दादाने शिकवलं वाटतं?"

"शिकवलं कुठलं, शिव्या घातल्या."

*

आणि मागच्या आठवड्यात ठेकेदार साहेबांची गाडी आली. साहेब मोखाड्याला कामावर, गाडी नवीन ड्रायव्हरबरोबर. अर्धा तास गार, मग गरम. दहा मिनिटं बंद ठेवली की परत गार. नाशिकला दोन गॅरेजांनी गॅस भरून दिला होता.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब बोलले, दादा सोडून कुणाकडे द्यायची नाही. दादा तुम्हीच ना?"

"हो." तोंडातून निघूनच गेलं.

मग इंजिन चालू ठेवून बोनेटपाशी बसलो. गॅस तपासला, बरोबर होता. मला पाच मिनिटं गप्प बसवत नाही, त्या दिवशी अर्ध्या तासाच्या वर बसलो. कॉम्प्रेसर म्हणजे गॅस दाबणारा पंप. त्याचा चुंबकी क्लच धरला की टक असा आवाज होतो. पस्तिसाव्या मिनिटाला तो टक यायचा थांबला. करंट पोचत होता, पण क्लचची लोखंडी पट्टी ओढली जात नव्हती. दादा करायचा तसं लांब लाकडी दांड्याने पट्टी हलकेच ढकलली.

टक. धरली.

पट्टी झिजून मधली फट वाढली होती, आणि तापली की क्लचची ओढ कमी पडत होती. इंजिन बंद करून मधला एक पातळ वॉशर काढला. फट जुळली. वॉशर डब्यात टाकला. मग ड्रायव्हरला घेऊन जामसरपर्यंत गेलो आणि आलो. चांगला दीड तास. परतताना तो म्हणाला, "दादा, एसी जरा कमी करा ना, गारठ्याने कान दुखायला लागले."

तो गाडी घेऊन गेला. तासाभराने दादाचा फोन वाजला. तो मी बंद केलेला नाही. आमचा दोघांचा आवाज फोनवर सारखाच, आईसुद्धा फसायची.

"दादा, बर्फ केलास रे गाडीचा. नाशिकवाल्यांना दाखवतो आता. तू स्वतःच केलंस ना? त्या धाकट्याने हात नाही ना लावला?"

"नाही साहेब. तो चहा आणायला गेलाय."

"बरं केलंस," साहेब म्हणाले, "त्याला लांबच ठेव."

"हो साहेब."

फोन ठेवला आणि खरंच चहा आणायला गेलो.