मांडीवरची थोरली

त्या टेकडीवरच्या गावाबद्दल लोक फार गोड बोलतात. शाळेची मुलं सहलीला जातात, पाहुणे आले की त्यांना नेऊन दाखवतात, वेशीखाली उभे राहून फोटो काढतात. काय कला आहे, म्हणतात, काय हात आहेत! हात आहेत, यात वाद नाही. मी ते पाहिलेत. पण त्या गावाचं कौतुक ऐकलं की माझं डोकं तापतं, आणि आता या वयात मी ते तापू देते.

गाव जुनं. चढायला दगडी पायऱ्या, मध्ये पडकी वेस, वेशीच्या आत चिताऱ्यांची आळी. महालक्ष्म्यांचे मातीचे मुखवटे तिथे रंगायचे. आमचं सुलतानपूर, तिकडे साखरखेर्डा, पार मेहकरपर्यंतची घरं आपापल्या ज्येष्ठा-कनिष्ठा तिथेच न्यायची. जुना रंग खरवडून काढायचा, खडूचा पांढरा हात द्यायचा, मग तोंडाचा पिवळा, ओठ, कुंकू. डोळे सगळ्यांत शेवटी. डोळ्यांची रीत ठरलेली. घरातली जी सून महालक्ष्म्या बसवणार, तिने थोरलीला मांडीवर घ्यायचं आणि चिताऱ्याने तिथेच डोळे उघडायचे. थोरलीचे आधी, धाकटीचे नंतर. उलटं झालं तर घराचं वाटोळं होतं, असं समजत. आणि जिच्या मांडीवर डोळे उघडले तिनेच, पुढचा रंग चढेपर्यंत, दर भादव्यात बसवायच्या. मध्येच दुसरीचा हात लागायचा नाही.

महाराष्ट्र झाला त्या सुमारास मी लग्न होऊन सुलतानपूरला आले. आल्या वर्षीच थोरली माझ्या मांडीवर बसली. नंतर दर भादव्यात मीच बसवायची. पुढे नवरा तापाने गेला. मूल नव्हतं. आणि त्याच वर्षी तो रंग पोपडे धरू लागला, तेव्हा सासू भाकरी थापताथापता म्हणाली, "यंदा लहानीच्या मांडीवर देऊ. महालक्ष्म्या उठल्या का तुह्या भावाले निरोप धाडतो. येऊन घेऊन जाईन तुले."

लहानी म्हणजे माझी जाऊ. भावाच्या घरी मला कोणी दारातसुद्धा उभं करणार नाही, हे सासूला चांगलं ठाऊक होतं. म्हणजे काय, तर मांडीवरची थोरली गेली की माझं ताटही गेलं. मी तव्यावरची भाकरी उलटली.

मुखवटे दिराने आठवडाभर आधी वर पोचवले होते. डोळ्यांच्या दिवशी सासू, दीर, जाऊ आणि मी निघालो. मी कशाला? तर जाऊ पोटुशी, सासूचे गुडघे धरलेले, आणि दिराने टोपली डोक्यावर घेतली तर लोक हसतील. पुरणाचा नैवेद्य, देवीची लुगडी, नथी, नारळ, सगळं माझ्या डोक्यावर. पुरण वाटलं मी, टोपली वाहिली मी. वेशीपाशी पोचलो तशी सासूने टोपली उतरवली आणि उरलेल्या पायऱ्यांपुरती दिराच्या हातात दिली.

"तू इथंच बस, मोठे."

"काऊन?"

"काऊन म्हनते! रिकामं कपाळ घेऊन येतं का कोनी देवीपुढं? बस सावलीत. पानी पी."

सावली नव्हती. पाणीही नव्हतं. वेशीच्या उंबऱ्यावर दगड तापलेला होता, त्यावर बसले. ज्या गावाला लोक देखणं म्हणतात ते मी असं पाहिलं, खालून, परक्या बायकांच्या पावलांच्या उंचीवरून. हिरव्या चुड्यांच्या बायका वर जात होत्या, खाली येत होत्या. एकीने विचारलं, "बाई, तुमचं कोनी वरतं गेलं का?" मी म्हटलं, "माह्या देवी गेल्या." ती माझ्या कपाळाकडे बघून निघून गेली.

पुष्कळ वेळाने दीर पायऱ्या उतरत आला. तोंड उतरलेलं.

"वहिनी, थोरली कोनती अन् धाकटी कोनती?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. रंगाला देताना थोरलीच्या कानात लाल दोरा बांधायचा असतो. मागच्या वेळी तो मी बांधला होता. दिराने दोघी एका पिशवीत घातल्या, चिताऱ्याच्या ओट्यावर ठेवल्या आणि तो यष्टी पकडून घरी आला. दोघी एकाच साच्यातल्या. रंग उतरवल्यावर, नवा चढवल्यावर, सख्ख्या आईला ओळखू येणार नाहीत.

"दोरा नाही बांधला?"

"मले काय मालूम तुमचा दोरा! लवकर सांगा, तिकडं लोकं थांबून राह्यले."

"मंग लहानीले विचारा. तिच्याच मांडीवर बसनार हाये ना."

"वहिनी, आता भांडायची वेळ हाये का?"

"दुसरी वेळ कोनती देता मले?"

तो गेला आणि सासूला घेऊन आला. गुडघे धरून ती पायऱ्या उतरली, हे पाहून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

"सांगून दे माय, लवकर," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माय म्हणाली.

"सांगता येत नाही, आत्याबाई. हाताले कळते. आतून अंगठा लावला का कळते."

हे खरंच होतं. मुखवट्याच्या आतल्या बाजूला रंग नसतो, कच्ची माती असते. घडवणाऱ्याची बोटं दोघींच्या आत उमटलेली आहेत, पण थोरलीच्या हनुवटीमागे जी खोलगट जागा आहे तिच्यात माझा अंगठा बरोबर बसतो. दर वर्षी मी तिला तिथेच धरून मखरात चढवत होते. हे बोलून कोणाला कसं सांगणार?

सासूने विचार केला. मग म्हणाली, "ये. पन मुखोट्यावर कपडा टाकतो. तिनं तुले पाहू नये."

माझ्या अंगाची आग झाली. मी उठले आणि चढू लागले; तोंड उघडलं असतं तर तिथूनच परत फिरले असते.

चिताऱ्याचा ओटा शेणाने सारवलेला, भिंतीला ओळीने बिनडोळ्यांच्या देवी. म्हातारा चितारी, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याच्या मागे कोपऱ्यात एक बाई कोणाच्या तरी महालक्ष्मीच्या गालावर खडूचा हात देत बसली होती. कोपरापर्यंत पांढरी. कपाळ माझ्यासारखंच.

"ही कोन?" मी विचारलं.

"बहीन हाये माही," चितारी म्हणाला. "काऊन?"

"हिचं कपाळ रिकामं दिसते."

"नवरा मेला तिचा. लई दिवस झाले."

"मंग आमच्या देवींले खडू कोनी लावला?"

तो हसला. "तिनंच. खडू सारा तिच्याच हातचा असते बाई, गावभर इचारा."

ती बाई वर पाहीना. ब्रश चालूच. मी सासूकडे वळले. "आत्याबाई, आठ दिवस हिनं देवीचं तोंड चोळलं ते चाललं. अन् मी नुसतं पाह्यलं का बाटली!"

"तिचं कामच हाये ते," सासू म्हणाली.

"अन् माहं?"

जाऊने दोन्ही मुखवट्यांवर फडकी टाकली. मी म्हटलं, "डोळे तं उघडलेच नाही अजून. मले पाहीन कशी ती?" ओट्याखाली उभ्या असलेल्या साखरखेर्ड्याच्या बायका फिस्सकन हसल्या. चिताऱ्यानेही मान खाली घातली.

मी बसले. पहिलीच्या आत हात घातला. नाही. दुसरीच्या आत घातला आणि अंगठा जाऊन बसला. फडकं काढलं, तिला मांडीवर घेतलं आणि पदर खोचला.

"हे थोरली. उघडा डोळे."

"दे लहानीजोळ," सासू ओरडली.

"नाही देत."

दीर पुढे आला. मी म्हटलं, "ओढा भाऊजी. जोर लावा. फुटली तं तुमच्या हातून फुटली, हे इतले लोकं पाहून राह्यले." त्याचे हात हवेतच राहिले. ओठांचा रंग ओला होता, माती ठिसूळ. जाऊ म्हणाली, "जाऊ द्या ना बाई, मले नाही बसवायच्या त्या," आणि रडायला लागली. तिच्यावर माझा राग नव्हता. पण म्हणून मी उठले नाही.

"तुमचं घरचं घरी मिटवा," चितारी कातावला. "ऊन उतरून राह्यलं, उजेड जाते. मी तं जिच्या मांडीवर हाये तिथंच उघडतो. हिले उठवा, नाहीतं मले हात चालवू द्या."

मला कोणी उठवलं नाही. उठवायचं तर देवीपुढे मला शिवावं लागलं असतं. त्याने ब्रश बुडवला, श्वास रोखला आणि रेघ ओढली. माझ्या मांडीवर तिने डोळे उघडले आणि सगळ्यांत आधी मला पाहिलं. हिरव्या चुड्याच्या बायका मागे सरकल्या. कोपऱ्यातल्या बाईचा ब्रश तेवढ्यापुरता थांबला, मग परत सुरू झाला.

उतरताना टोपली पुन्हा माझ्याच डोक्यावर होती. घरी सासऱ्यांनी ऐकलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "मंग आता हिले धाडता येत नाही. हिच्याबिगर बसवनार कोन?"

भावाला निरोप गेला नाही. मी राहिले. पण नीट समजून घ्या, घरात त्यांनी मला ठेवलं नाही. ठेवलं थोरलीला, आणि ती माझ्या अंगठ्याला चिकटलेली म्हणून मी. दर भादव्यात बसवायच्या मी, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी वाकायचं माझ्या जावेपुढे. मी मागच्या खोलीत आंबील ढवळत बसायचे. पुढच्या रंगाच्या वेळी लाल दोरा आठवणीने बांधायला सासूने दिराला बजावलं होतं, म्हणजे माझ्या अंगठ्याची गरज पडायला नको.

त्या वेळी मी मात्र टोपली घेऊन वेशीपाशी थांबले नाही. सरळ वर गेले.