मंगळवारची बाग

आमच्या अक्कांनी उभ्या जन्मात कुणाचा हात धरून कुणाला रस्ता दाखवला नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, काय ही बाई. लग्न होऊन कोहिनूर गावाहून गुलबर्ग्याला आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. विहीर कुठे आहे विचारलं, तर म्हणाल्या, "दारातनं नीघ. शेवग्याच्या फुलांचा सडा लागंल. तिथनं पुढं तुझं तू बघ." मी सतरा वर्षांची. माहेरी शेजारच्या घरी जायचं तरी भाऊ सोबत असायचा. घागर घेऊन दारात रडत उभी राहिले. अक्कांनी खिडकीतून एकदा पाहिलं आणि तांदूळ निवडत बसल्या. तासाभराने मी पाणी आणलं. कसं आणलं ते माझं मला ठाऊक.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. घरात लहानमोठे सगळे त्यांना अक्काच म्हणत. त्यांचे यजमान निजामाच्या जंगलखात्यात होते. सगळा संसार तंबूत. ते कामावर गेले की ही बाई एकटी रानात फिरायची आणि झाडांच्या ओळखीवर परत यायची. यजमान तापाने गेले तेव्हा अक्का तिशीच्याही नव्हत्या. भावाकडे परत आल्या त्या एक पत्र्याची पेटी आणि एक काळी छत्री घेऊन. लोकांनी त्यांचे केस काढवले, कुंकू पुसलं, पण छत्रीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

टांग्याचं तर त्यांना वावडंच होतं. माझे यजमान अदालतीत कारकून, त्यांना बहिणीनं भर रस्त्यातून पायी जाणं बरं वाटायचं नाही. ते म्हणायचे, "अक्का, टांगा सांगू का?" त्या म्हणायच्या, "टांग्यात बसलं की घोड्याची पाठ दिसती. मला काय करायचंय घोड्याची पाठ बघून?" आणि छत्री उघडून चालायला लागायच्या.

गुलबर्ग्यात तेव्हा एक मोठी सरकारी बाग होती. मंगळवारी दुपारनंतर ती फक्त बायकांची. माळ्यांना सुट्टी आणि फाटकाला कनाती. पडद्याचे टांगे येत, हिंदू-मुसलमान सगळ्या घरच्या बायका उतरत आणि पहिल्याच कारंज्यापाशी सतरंज्या पसरत. धपाटे खायचे, सुनांची गाऱ्हाणी सांगायची, सुना असतील तर सासवांची, आणि दिवेलागणीच्या आधी घंटा झाली की घरी. कारंज्याच्या मागे एवढी बाग पडली होती, देशोदेशींची झाडं, रोपांची जाळीघरं, बांबूचं बन, तळं. पण तिकडे कुणी पाऊल टाकत नसे. साप असतो म्हणे, वाट चुकते म्हणे. झाडांवर जस्ताच्या पाट्या होत्या, उर्दूत आणि इंग्रजीत. माझ्यासारख्या कितीकींना कुठलंच अक्षर येत नव्हतं.

"बाग काय कारंज्यावर संपती व्हय?" अक्का म्हणाल्या, आणि पुढच्या मंगळवारी एका डब्यात तेलात कालवलेला गेरू घेऊन आल्या. पुढच्या फाटकापासून मागच्या फाटकापर्यंत त्यांनी वाटेवरच्या मोजक्या झाडांना तांबडा ठिपका लावला. ठिपका धरून चालत जायचं, कुणाला विचारायचं कारण नाही. इतकी सोपी गोष्ट.

आता बघा, झाडाला तांबडा ठिपका दिसला की आमच्या बायका काय करणार? हात जोडले. पहिल्या आठवड्यात हळद-कुंकू, दुसऱ्यात नारळ. वाटेत एक परदेशी झाड होतं, ज्याला दोडक्याएवढाली जाड फळं दोरीला बांधल्यासारखी लोंबायची. त्याला तर बायकांनी मूल देणारी देवीच करून टाकलं. आमच्या बायकांनी चिंध्यांचे पाळणे टांगले, मुसलमान बायकांनी नवसाचे धागे बांधले. अक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मी वाट दाखवायला गेले, आणि ह्या वाटेतच बसल्या की गं."

बागेचा दारोगा तसा भला माणूस, पण उदबत्तीने साल भाजलेली बघून त्याचं डोकं फिरलं. "बाई, बाग है ये. देवल नक्को बनाओ. ऐसाच चला तो अगले साल इधर उर्स भरेगा." त्याने सगळे ठिपके खरवडून काढले. पुढच्याच मंगळवारी एका मुन्सफाची बायको ठिपके शोधत बांबूच्या बनात शिरली आणि वाट चुकून रडत बसली. शेवटी चौकीदाराने तिला बाहेर आणलं. परपुरुषाच्या नजरेला पडली म्हणून शहरभर बोभाटा झाला. झालं, दारोग्याने हुकूम काढला, कारंज्याच्या मागे बायकांच्या दिवशी बांबूचे तट्टे लागणार, कायमचे.

अक्का डोक्यावर पदर घेऊन तडक त्याच्या कचेरीत गेल्या. मी दाराबाहेर उभी. अक्का म्हणाल्या, "ठिपका मेरी गलती. बाग ने क्या किया?" बराच वेळ वाद झाला. शेवटी दारोगा म्हणाला, "एक महिना देता. फिर एक औरत, मेरी अम्मा चुनेगी वो, अकेली चलके कारंजे से पिछले फाटक तक आना. घंटी के पहले. साथ में कोई नहीं, निशान कोई नहीं. नहीं आई तो तट्टे लगते." अक्का "हौ" म्हणाल्या आणि छत्री उचलली.

तो महिना आमच्या घरात पानंच पानं. मी चुलीपुढे बसलेली असले की अक्का मागून येऊन हातात पान द्यायच्या. "बघू नको. वास घे. चुरगाळ." भाकरी करपली तरी चालेल, पान ओळखलं पाहिजे. मंगळवारी बायकांना त्या झाडाच्या सालीवरून हात फिरवायला लावायच्या. कुणी पाटीकडे बोट दाखवलं की म्हणायच्या, "पाटी माणसानं लावलेली असती, माणूसच काढून नेईल. साल कोण नेणार?" हळूहळू बायका दोघी-तिघींनी मिळून मागच्या फाटकापर्यंत जायला लागल्या. मी मात्र दर खेपेला कुणाचा तरी पदर धरलेला. अक्कांना ते दिसत होतं.

ठरलेल्या दिवशी दारोग्याची म्हातारी आई आली. कारंज्याभोवतीच्या सगळ्या बायकांवरून नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. "वो. पल्लू में मुँह छुपाके बैठी, वो."

मी अक्कांना बाजूला ओढून म्हणाले, "अक्का, मी न्हाई. सगळ्यांची बाग घालवीन मी."

"घालव," अक्का म्हणाल्या. "पण चालून घालव. हितं बसून घालवू नको." आणि म्हातारीला घेऊन बाहेरच्या रस्त्याने मागच्या फाटकाकडे निघून गेल्या.

मी निघाले. पायाखाली बकुळीची फुलं लागली, तिथे डावीकडे वळायचं हे आठवलं. उंच ताडांची रांग आली, पण मान वर करून बघायचं धैर्य नव्हतं. लोंबत्या फळांच्या देवीपाशी आले आणि देवीलाच शरण जावं असं वाटलं, पण अक्कांचा चेहरा आठवला आणि तशीच पुढे गेले. बांबूच्या बनात वाट फुटली. दोन्ही वाटा सारख्याच. मुन्सफाची बायको इथेच रडत बसली होती, आणि मीही बसले. मग वारा आला आणि उजवीकडून नीलगिरीचा वास आला. चुलीपुढे हातात पडलेलं पान, तळ्याकाठच्या झाडाचं. मी उठले आणि वासाच्या मागे गेले. तळं, गोरखचिंचेचा हत्तीएवढा बुंधा, आणि समोर मागचं फाटक. कनातीच्या फटीतून काळी छत्री दिसत होती. उन्हं अजून झाडांच्या शेंड्यावर होती, घंटेला चांगला वेळ होता.

बाहेर अक्कांचं काय चाललं होतं ते मला म्हातारीने मागाहून सांगितलं. उन्हं उतरली तशा अक्का येरझाऱ्या घालायला लागल्या. म्हातारी म्हणाली, "अंदर जाके देख लेव बाई, बच्ची है." अक्का फाटकापर्यंत गेल्या, कनातीला हात लावला आणि परत आल्या. तीन वेळा. आत गेल्या असत्या तर बाग गेली असती, न गेल्या तर भावजय गेली असं त्यांना वाटत होतं. "माझ्या भावाला काय तोंड दाखवू," असं पुटपुटत होत्या म्हणे. मला हे ऐकून आजही भरून येतं. कधी कशाला न भ्यालेली ती बाई माझ्यापायी भ्याली होती.

चौकीदाराने घंटेची दोरी हातात घेतली, तेवढ्यात मी कनात सारून बाहेर आले.

अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चुकलीस व्हय?"

"न्हाई, अक्का."

"मग एवढा उशीर कामून झाला?"

"मघाच आले होते फाटकापाशी," मी म्हणाले. "पण येताना भ्यायले होते, कायबी बघितलंच न्हाई. म्हणून परत गेले कारंज्यापर्यंत. आता सगळं बघून आले."

अक्का तिथेच रस्त्याच्या कडेला, सगळ्या टांगेवाल्यांच्या देखत, मटकन खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या.