मोखाड्याच्या वाटेवर चालणारी काढलेली घड्याळं

भूत, चकवा, देवीचा कौल... यातलं काहीही मी आजवर मानलेलं नाही. धंद्याने मी मोटार फिटर. इंजिन बंद पडलं तर त्याला कारण असतंच, ते सापडेपर्यंत खोलत जायचं, एवढंच माझं तत्त्वज्ञान. म्हणून हा अनुभव लिहायला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली. कारण इथे मी सगळं खोलून बघितलं आणि हाती काहीच लागलं नाही.

तेव्हा मी जव्हार संस्थानच्या मोटारखान्यात नोकरीला होतो. मोटारखाना म्हणजे राजवाड्यामागची जुनी पागा. घोडे कमी झाले तशा दोन मोटारी तिथे येऊन राहिल्या. त्यातली थोरली, उघडी टूरिंग गाडी, पावसाळाभर खड्ड्यांतून फिरून खिळखिळी झाली होती. डॅशबोर्डवरच्या घड्याळांच्या काचांत पाणी शिरलं होतं, काटे अडकत होते. (आम्ही तिथल्या सगळ्या मीटरना घड्याळंच म्हणायचो – वेगाचं, ऑइलचं, बॅटरीचं.) हुकूम आला की तिन्ही काढून दुरुस्तीला मुंबईला पाठवा.

दसऱ्यानंतरचा आठवडा होता. खाली जामसरकडे भातं कापणीला आली होती. सकाळी सातलाच मी कामाला लागलो. आधी इंजिनचं जुनं ऑइल सोडून नवं भरलं, मग डॅशबोर्डला हात घातला. मागून नट सोडवले, वेगाच्या घड्याळाची केबल काढली, ऑइलची तांब्याची बारीक नळी सोडून तिचं तोंड बंद केलं. तिन्ही घड्याळं बाकावर गोणपाट अंथरून ओळीने ठेवली. मुंबईच्या दुकानाला कळवायचं म्हणून वेगाच्या घड्याळातल्या मैलांचे शेवटचे तीन आकडे चिठ्ठीवर उतरवले – ४१२.

तेवढ्यात दवाखान्याचे डॉक्टरसाहेब स्वतः धावत आले. मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर एक बाई दोन दिवस अडली होती. तिचा भाऊ रात्रभर चालत निरोप घेऊन आला होता. धाकटी मोटार राजेसाहेबांबरोबर नाशिकला गेलेली, म्हणजे उरली हीच.

"साहेब, घड्याळं काढलीत," मी म्हणालो.

ड्रायव्हर गफूरभाई हसला. "मिस्त्री, मी कानाने गाडी चालवतो. तू फक्त बॉनेट लाव."

मी घाईघाईने बॉनेट लावलं. डॅशबोर्डला तीन भोकं, त्यांत चिंध्या कोंबलेल्या, अशी गाडी साडेनऊला निघाली. डॉक्टर आणि तो भाऊ मागे बसले.

मी बाजूला पडलेला एक सुटा मॅग्नेटो, म्हणजे इंजिनला ठिणगी देणारं लोहचुंबकाचं यंत्र, साफ करायला घेतला. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. सहज बाकाकडे नजर गेली तर वेगाच्या घड्याळाचा काटा बारावर थरथरत होता.

पहिल्यांदा वाटलं, बाक हलतोय. बाकावर हात दाबून धरला. काटा पंधरावर गेला, मग आठवर, मग पुन्हा बारावर... चढ-वळणाच्या रस्त्यावर गाडीचा जातो अगदी तसा. शेजारी ऑइलचा काटा तिसावर उभा. घड्याळ उचलून उलटं केलं. मागे केबलचं भोक मोकळं होतं, त्यातून उजेड दिसत होता. हातात धरलेलं असतानाच आतला आकडा ४१५ चा ४१६ झाला.

मी ते खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं. खरं सांगतो, भीती वाटली नाही. डोक्यात नुसता गोंधळ. कुठली स्प्रिंग असेल? थंडी-ऊन? लोहचुंबक? खोलीतला मॅग्नेटो उचलून पार अंगणात नेऊन ठेवला. काही फरक नाही. अकराच्या सुमाराला ४२६ वर आकडा थांबला आणि दोन्ही काटे शून्यावर आले. जव्हार ते मोखाडा साधारण चौदा मैल. हा हिशोब मी चिठ्ठीवरच्या ४१२ खाली मांडून दोनदा पडताळला.

दुपारी माझी बायको सरस्वती जेवण घेऊन आली. मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार? भाकरीचा पहिला तुकडा मोडतोय तोच ती म्हणाली, "अहो, हे चालू आहे का?"

काटे पुन्हा उठले होते.

"तुला दिसतंय?"

"दिसतंय म्हणजे? डोळे आहेत मला. कशावर चालतंय हे?"

"कशावरच नाही," मी म्हणालो आणि सकाळपासूनचं सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती गोणपाटाजवळ बसून बघत राहिली. माझी भाकरी तशीच राहिली. गाडी आता सावकाश येत होती. दहाच्या वर काटा जात नव्हता. आत अडलेली बाई असेल तर गफूरभाई असाच चालवणार.

आकडा ४३८ झाला आणि ऑइलचा काटा डगमगला. पंचवीस. वीस.

"हा का उतरतोय?" तिने विचारलं.

"ऑइल कमी झालं की उतरतो. पण हे घड्याळ गाडीला जोडलेलंच नाही, सरस्वती! याला काही अर्थ नाही."

"अर्थ नसला तर नसला. गाडी कुठे असेल आत्ता?"

"दोन मैलांवर."

"मग दोन मैल धावायला काय जातं तुमचं?"

ऑइलचा डबा आणि पाना घेतला आणि मोखाड्याच्या रस्त्याने धावत सुटलो. चपला मध्येच टाकून दिल्या. लोक बघत होते. मैलभर गेलो असेन तेव्हा चढाखालून इंजिनचा आवाज आला आणि वळणावर गाडी दिसली. मी रस्त्याच्या मध्ये उभा राहून दोन्ही हात वर केले.

गफूरभाईने ब्रेक मारला. "पागल झाला का, मिस्त्री? बाई मरणाला टेकलीय!"

"इंजिन बंद कर! आधी बंद कर!"

मागे बाईचा भाऊ रडकुंडीला आला होता. "बाबा, नको रं थांबवू, बहीण जाईल माझी!" तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. डोळे अर्धे उघडे.

मी गाडीखाली शिरलो. इंजिनच्या ऑइल चेंबरच्या तळाचा बोल्ट, जो सोडून मी सकाळी जुनं ऑइल काढलं होतं, शेवटच्या एका आट्यावर लोंबत होता. ऑइलची धार लागली होती आणि मागे रस्त्यावर काळी रेघ दूरवर दिसत होती. बोल्ट आवळला, डबा रिकामा केला. पाच मिनिटं गेली असतील. गाडी चालू झाली, मी पायरीवर लटकून जव्हारला आलो.

बाई वाचली. मुलगी झाली. डॉक्टर नंतर म्हणाले की चढावर इंजिन जाम होऊन तिला डोलीतून आणावं लागलं असतं तर दोघींपैकी कोणीच हाती लागलं नसतं.

मोटारखान्यात परतलो तेव्हा काटे शून्यावर होते. आकडा ४४०. सरस्वती तिथेच बसून होती. तिने एवढंच विचारलं, "भेटली?"

गफूरभाईने मला कसं कळलं हे विचारलं तेव्हा मी म्हणालो, बोल्ट सैल राहिल्याचं आठवलं. त्याने सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली आणि ती मी मुकाट्याने ऐकून घेतली. पुढे फक्त डॉक्टरसाहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या मनाला ती चूक ठाऊक होती. मनानेच काटे दाखवले." असेलही. पण मग सरस्वतीला कोणाच्या मनाने दाखवले? आणि आकडे? ते घड्याळ मी नंतर हाताने फिरवून बघितलं. एक मैल पुढे न्यायला शेकडो फेरे द्यावे लागतात.

महिन्याभराने मुंबईहून दुरुस्तीची चिठ्ठी आली. ऑइलच्या घड्याळाची आतली नळी जुनीच फुटलेली आहे, काटा बरेच महिने हललेला नसावा, असं कारागिराने लिहिलं होतं. ती चिठ्ठी मी चार वेळा वाचली.

बोल्ट मीच सैल ठेवला होता, हे मी कबूल करतो. पण गफूरभाईला सांगितलं ते खोटं होतं. त्या दिवशी रस्त्याने धावतानाही मला तो बोल्ट आठवला नव्हता. गाडीखाली शिरून डोळ्यांनी बघेपर्यंत आठवला नव्हता. मग मला धाडलं कोणी?