नोराच्या तोंडचं, जसंच्या तसं

माझी सून अक्षया दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं बोलते. हसू नका, तिची नोकरीच आहे ती. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मीटिंगमध्ये, युनिव्हर्सिटीच्या लेक्चरला ही हेडफोन लावून बसते. ऐकलेलं वाक्य लगेच सपाट आवाजात मायक्रोफोनमध्ये म्हणते, आणि सॉफ्टवेअर ते पडद्यावर लिहितं. विरामचिन्हंसुद्धा तोंडाने सांगावी लागतात. एकदा जेवताना मला म्हणाली, "आई, आमटी वाढू कॉमा की ताक फुल स्टॉप." माझ्या मुलाला, यशोधनला, असा ठसका लागला की विचारू नका.

पोर अकोल्याची. वडील एसटीत कंडक्टर होते. लग्न होऊन बर्मिंगहॅमला आली तेव्हा हिचं इंग्रजी ऐकून लोक "सॉरी?" म्हणायचे. आता इंग्रज बोलतात ते ही इंग्रजांना लिहून दाखवते. मी हे मंडळात सगळ्यांना सांगते, तिला मात्र कधी सांगितलं नाही. स्वभाव माझा, दुसरं काय!

आमच्या शेजारी मॉरिस राहतात, आयर्लंडमधल्या केरीचे. वय ब्याऐंशी. विशीत इथे रस्ते खणायला आले आणि इथलेच झाले. मी त्यांना मॉरिसराव म्हणते, ते मला मिसेस. बायको वारली, मूलबाळ नाही, आणि गेल्या वर्षी दोन्ही कान पार गेले. तरी दर रविवारी केरीला बहिणीला, नोराला, फोन ठरलेला. फोन म्हणे बोललेलं आपोआप लिहून दाखवतो. पण नोराचं खेड्यातलं बोलणं त्या यंत्राच्या डोक्यावरून जायचं. ती बिचारी गुडघेदुखी सांगायची आणि पडद्यावर फर्निचरचं काहीतरी यायचं.

फेब्रुवारीत नोराच्या मुलीचं पत्र आलं. आईचे थोडे दिवस राहिलेत, तुमच्याशी बोलायचं म्हणते. मॉरिसरावांना प्रवास झेपणारा नव्हता. ते पत्र घेऊन आमच्या दारात उभे राहिले. अक्षयाला म्हणाले, "माझ्या जागी तू ऐकशील का?"

रविवारी आम्ही दोघी गेलो. मी उपम्याचा डबा घेतला, रिकाम्या हाताने कसं जायचं? फोन स्पीकरवर होता. नोराचा आवाज झोका घेतल्यासारखा वर जायचा, खाली यायचा. मला ओ की ठो कळेना. अक्षया मात्र भराभर म्हणत होती आणि पडद्यावर अक्षरं उमटत होती. मी बरी आहे. थंडी आहे. तू काळजी घे.

फोन संपल्यावर मॉरिसरावांनी चष्मा काढून ठेवला.

"ही नोरा नव्हे," ते म्हणाले. "हे बँकेचं पत्र आहे. नोरा 'येरा' म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाही."

आपण कसं 'अगं बाई' म्हणतो, तसं त्यांच्याकडे येरा.

अक्षयाचा चेहरा एवढासा झाला. "गावाकडचे शब्द सॉफ्टवेअर ओळखत नाही," तिने पाटीवर लिहून सांगितलं. "म्हणून मी साफ करून सांगते. कामाची पद्धतच आहे तशी." त्यांनी पाटी बाजूला सारली. उपमाही तसाच राहिला.

घरी आल्यावर ती सरळ वर गेली. चहाला बोलवायला मी जिन्याने चढले, तर बंद दाराआडून तिचा आवाज आला. वडिलांशी बोलत होती. "बाबा, काहून जेवले नाही? मले सांगा बरं. मी आयकून राहिली."

मी जिन्यातच बसले. अकरा वर्षं! लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात, पाहुण्यांसमोर, मी तिला म्हटलं होतं, "'काहून' नाही गं, 'का' म्हणावं. लोक हसतात." पुण्याची ना मी, मला भारी माज. तेव्हापासून माझ्यासमोर तिचं मराठी असं स्वच्छ की बातम्याच वाचते आहे. मला वाटायचं, शिकली हो पोर. मी स्वतःलाच म्हटलं, अगं सुचेता, शिकली कसली? दार लावायला शिकली. मला माझीच लाज वाटली.

सोमवारपासून अक्षया कामावरून परस्पर मॉरिसरावांकडे जाऊ लागली. ते नोराचा एकेक शब्द सांगायचे आणि यंत्र बरोबर लिहीपर्यंत ही तो म्हणत राहायची. गॅन्सी म्हणजे स्वेटर. अमादॉन म्हणजे येडपट. येरा तर शंभरदा म्हणाली असेल. म्हणता म्हणता तिच्या सपाट आवाजालाही झोका आला.

गुरुवारी दुपारी नोराच्या मुलीचा मेसेज आला, रविवारची वाट बघू नका. अक्षया कामावरून धावत आली. कोटसुद्धा काढला नाही, तशीच हेडफोन लावून बसली. नोराचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. मॉरिसराव पडद्याला नाक लावून बसले, आणि अक्षरं आली.

येरा मॉरिस, अजून तीच भोकाची गॅन्सी घालून बसलायस ना, अमादॉन?

त्यांनी खाली वाकून अंगातल्या स्वेटरकडे पाहिलं. कोपराला हे एवढं भोक. आधी खो खो हसले, मग हसता हसता रडायलाच लागले. "हीच," ते मला म्हणाले, "मिसेस, हीच ती!" मीही पदराने डोळे पुसत होते. अक्षयाला रडायची सोय नव्हती, तिला बोलायचं होतं. नोरा दम लागून थांबली की ती थांबायची, नोरा बोलली की बोलायची. शेवटी पडद्यावर आलं, जपून राहा रे पोरा, आणि फोन बंद झाला.

शनिवारी नोरा गेली.

मॉरिसरावांनी ते सगळं बोलणं छापून मागितलं. कागद त्यांच्या फ्रिजवर लावलाय. काल मी डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं, शेवटच्या वाक्यापुढे फुल स्टॉप नाही. घरी येऊन अक्षयाला विचारलं, तर म्हणाली, "राहिला असेल, आई." कामात हिचं कधी काही राहत नाही.

ती कणीक मळत होती. मी जवळ गेले. हे अकरा वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं, पण म्हटलं एकदाचं. "बाबांशी बोलताना दार लावू नकोस. आणि माझ्याशीही तसंच बोल, तुझ्या घरी बोलायचीस तसं."

तिने हात थांबवले. माझ्याकडे बघत राहिली.

"काहून?" म्हणाली.

मी तिला तशीच, कणकेच्या हातांसकट, जवळ घेतली.