कोकमांची फौज

“जागा सोडावी, भाभी, माणसं सोडू नयेत,” असं म्हणत चाचा ताटाशेजारी पसरलेल्या कागदावर कोकमं मांडायचे.

दर शुक्रवारी नमाजानंतर ते आमच्याकडे जेवायला येत. सौदीत अल-खोबरच्या त्या इमारतीत आमच्याच मजल्यावर एकटे राहायचे. कंपनीच्या गोदामात ते मोठे स्टोअरकीपर, आणि हे त्यांच्या हाताखाली. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड बसून ऐकायची.

कोकमं म्हणजे फ्रान्सच्या बादशहाची फौज, भाताची शितं म्हणजे रशियाची. रशियाचा सेनापती म्हातारा, लठ्ठ, एका डोळ्याने अधू. एक मोठी लढाई लढला आणि मॉस्को शहरच सोडून मागे गेला. लोक म्हणाले, म्हातारा भ्याला, सभेत झोपा काढतो.

“झोपत नव्हता,” चाचा एक डोळा मिटून म्हणायचे. “बादशहा रिकाम्या शहरात वाट बघत बसला. खायला नाही, वर थंडी. शेवटी आला तसा परत फिरला आणि वाटेत फौज संपली.”

मग बादशहाची फौज ते एकेक करून चोखायचे.

मला हसू यायचं. पण इतक्या गोड बोलणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. तुम्हीही असे पाहिले असतील.

पुढे सौदीकरण आलं. गोदामात एक सौदी घेणार, या दोघांतला एक घरी जाणार. कोण, ते चाचांना विचारून ठरणार होतं. मुलीची शाळा, गावचं अर्धं बांधलेलं घर, आमचं सगळं यांच्या इकाम्यावर, तिथे राहायच्या परवान्यावर, उभं होतं.

नवा माणूस आला आणि चाचांनी पहिल्याच दिवशी त्याला आपली खुर्ची दिली. किल्ल्या दिल्या. रोज त्याच्याबरोबर कहवा पिऊ लागले.

“म्हातारा स्वतःचं बघतोय,” हे म्हणाले. “उद्या माझं नाव देईल.”

मलाही तेच वाटलं. पुढच्या शुक्रवारी टकटक झाली तेव्हा मी दार बोटभरच उघडलं.

“आज काही केलं नाही, चाचा. हे बाहेर गेलेत.”

तव्यावर सुरमई होती. वास जिन्यापर्यंत गेला असणार. आणि यांच्या चपला दारातच होत्या.

चाचांनी चपलांकडे पाहिलं. “खलास, भाभी. माघार,” म्हणाले आणि वळले.

महिन्याभराने हे गोदामातून आले ते दारातच बसले आणि सांगू लागले. तिथल्या रॅकना या दोघांनी पूर्वी आपल्या किनाऱ्यावरच्या गावांची नावं दिली होती. जयगड, गुहागर, दाभोळ, हर्णै, बोट जाईल त्या क्रमाने. सगळा माल त्याच हिशेबाने लावलेला. त्या दिवशी नव्या माणसाला पंपाचा एक भाग सापडेना. कंपनीच्या साहेबाने चाचांना विचारलं.

“हर्णैला, वरच्या फळीवर,” चाचा म्हणाले.

“हर्णै?” साहेब म्हणाला.

“हे आम्हा दोघांनाच ठाऊक,” चाचांनी सांगितलं. “मी थकलो. याला ठेवा. नव्या माणसाला सगळा किनारा फिरवून आणायला याला दोन-तीन वर्षं लागतील.”

शुक्रवारी मी मासे तळले आणि पहिल्यांदाच स्वतः त्यांचं दार वाजवायला निघाले. बाहेर आमच्याच कडीला माझा डबा लटकत होता, कधीचा त्यांच्याकडे राहिलेला. समोर त्यांच्या दाराला कुलूप होतं. त्यांचं विमान सकाळीच गेलं होतं.

आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. आत टोमण्याची चिठ्ठी असेल, असं वाटून मी तळापर्यंत चाचपलं. चिठ्ठी नव्हती. खाली कोकमं होती आणि वर मूठभर तांदूळ.