साहेबांशेजारची बाई

थोरलीचा चेहरा गावभर छापून आला होता, आणि तिला काम द्यायला एक जण तयार नव्हता. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच.

पंख्यांच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. पंखा खोक्यात, पाती पुठ्ठ्यात, वरून चिकटपट्टी. तिच्या शेजारी उभी राहायची ती धाकटी, म्हणून ही थोरली. दोघींची खरी नावं हजेरीच्या यंत्रालाच काय ती ठाऊक. एक दिवस सुपरवायझर आला, दोघींकडे बघितलं आणि थोरलीला म्हणाला, कॅन्टीनमध्ये चल, मोठ्या साहेबांचा फोटो काढायचाय, शेजारी कामगार हवाय. तिचा एप्रन धाकटीच्या एप्रनपेक्षा जरा स्वच्छ होता, एवढीच तिची लायकी.

मोठे साहेब म्हणजे कंपनीचे सर्वेसर्वा. पेपरात छापणारी मंडळी त्यांच्यावर बेहद्द खूश. नफा वाढला की साहेबांची दूरदृष्टी, तोटा झाला की बाजाराची मंदी. साहेब पहाटे उठतात, पळायला जातात, कमी जेवतात, हे सगळं लोकांना पाठ. जणू साहेब पळतात म्हणून पंखे फिरतात! तेव्हा ‘साहेब कामगारांबरोबर जेवतात’ असं छापायचं ठरलं होतं. दोघांपुढे ताटं ठेवली आणि खाऊ मात्र दिलं नाही, कारण म्हणे चावताना तोंड चांगलं दिसत नाही. ताई हसा, एवढं नको, साहेबांकडे बघा, असं करता करता अन्न थंडगार झालं आणि ताटं उचलून नेली. थोरली उपाशीपोटीच पॅकिंगच्या पट्ट्यावर परत आली.

पण फोटो झकास आला, आणि तिथेच घात झाला. साहेबांची बातमी आली की तोच फोटो बाहेर निघायचा. साहेबांना पुरस्कार मिळाला, शेजारी थोरली. साहेबांनी अर्थसंकल्पावर मत दिलं, शेजारी थोरली. पुढे खोकी भरायचं यंत्र आलं आणि पॅकिंगच्या सगळ्या बायकांना घरी पाठवलं, त्यात या दोघीही गेल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, ‘कठीण काळातही माणुसकी जपणारा नेता’. खाली थोरली हसतेय! धाकटीने तिच्याशी बोलणंच टाकलं. तुला आधीपासून माहीत असणार, म्हणाली.

मग कामाची शोधाशोध सुरू झाली. साबणवाले, औषधवाले, सगळ्यांना पॅकिंगला माणसं लागतात. पण जिथे जावं तिथे समोरचा माणूस हिच्या तोंडाकडे बघायचा आणि त्याची ट्यूब पेटायची. तुम्ही त्या साहेबांच्या शेजारच्या ना? एवढा देवमाणूस, आणि त्याने तुम्हाला काढलं? म्हणजे काहीतरी केलं असणार. एकाने तर सरळ विचारलं, पंखे चोरले होते का. थोरली घरी आली आणि तिने चप्पल भिंतीवर भिरकावली. नवरा नळदुरुस्ती करणारा, साधा माणूस. तोंडाला ओढणी बांधून जात जा, असं त्याने सुचवलं. त्या दिवशी त्याला स्वतःचा चहा स्वतःच करावा लागला.

शेवटी ती पेपरच्या ऑफिसात गेली. उद्योगाचं पान बघणारे गृहस्थ मोठे सभ्य, त्यांनी बसायला खुर्ची दिली. कामावरून काढल्याचं सांगून ती म्हणाली, माझा फोटो छापू नका, बास. ते म्हणाले, फोटो कंपनीचा, आणि साहेबांचा हसरा असा तोच एक आहे आमच्याकडे. मग त्यांना यात बातमी दिसायला लागली. कंपनीची बाजू विचारतो, म्हणाले. अहो, बाजू नको, तो फोटो काढून टाका, असं ती सांगतेय तोवर त्यांनी फोन लावलाही. हात दाखवून अवलक्षण!

कंपनीच्या प्रसिद्धी विभागातल्या मॅडमनी थोरलीला फोन केला. गैरसमज झालाय, परत या, माल पाठवायच्या विभागात जागा आहे, फक्त रुजू होताना साहेबांबरोबर एक छोटासा फोटो. तिने धाकटीचं विचारलं, तर ते नंतर बघू. आता स्वाभिमानाच्या गोष्टी कुणी सांगू नयेत. घरमालकाला स्वाभिमान देऊन भागत नाही. थोरलीने एप्रन धुतला, इस्त्री केली आणि गेली.

तेच कॅन्टीन, तेच टेबल. साहेब येऊन बसले. खरं सांगायचं तर दमलेला माणूस. या वेळी फोटोवाल्याने अडवायच्या आत त्यांनी एक घास तोंडात टाकला आणि हळूच म्हणाले, मागच्या वेळी जेवूच दिलं नव्हतं. थोरलीला हसू आलं. माणूस वाईट नाही, तिच्या मनात आलं.

मग साहेब मायेने म्हणाले, “इतकी वर्षं आमच्याबरोबर आहात. बघून बरं वाटतं.”

ते नाटक करत नव्हते. त्यांना माहीतच नव्हतं! साहेबांच्या मागे मॅडम मान हलवून नको नको करत होत्या. तोंड मिटून बसलं की नोकरी आपली, हे थोरलीला पक्कं कळत होतं.

“साहेब, तुम्ही मला काढलंय,” ती म्हणाली. “आम्हा सगळ्या पॅकिंगवाल्यांना काढलंय. आणि पेपरात रोज तुमच्या शेजारी दिसते म्हणून मला दुसरं कुणी कामाला घेत नाही.”

साहेबांनी चमचा खाली ठेवला. पुढे वाकून ते तिच्याकडे बघत राहिले. कॅमेरा तेवढा वाजत होता. मग मॅडमनी थोरलीचं कोपर धरलं आणि तिला फाटकापर्यंत पोचवलं. कळवतो म्हणाल्या. कुणी कळवलं नाही.

फोटो मात्र आला. रविवारच्या पुरवणीत, अर्धं पान. साहेब पुढे झुकलेले, कपाळावर आठी, ताटाचं भान नाही. समोर हात उचलून बोलणारी थोरली. वर मथळा, ‘ऐकून घेणारा नेता’. आणि खाली, कामगारांच्या बारीकसारीक अडचणींसाठी साहेब जेवणही बाजूला ठेवतात. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नवऱ्याने निमूटपणे चहाचं आधण ठेवलं.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. इतक्या महिन्यांनी, आणि कशी आहेस वगैरे काही नाही.

“साहेब तुझं एवढं ऐकतात, तर माझ्याही कामाचं सांग की गं.”

“सांगितलंय,” थोरली म्हणाली. “तेच तर मी सांगत होते. त्याचाच तो फोटो आहे.”

“मग काय म्हणाले?”

“काहीच नाही.”

धाकटीने फोन ठेवून दिला. तिला ते पटलं नव्हतं. पेपरात तर स्पष्ट दिसत होतं.